रेस कुठली धरायची? सोलापुरातल्या एका रायडरचं पूर्ण प्रकरण

लांब पल्ल्याची माउंटन बाइक रेस करायची असं एकदा डोक्यात आलं की माणूस आधी व्हिडिओ बघत बसतो, आणि ज्या व्हिडिओत डोंगर सगळ्यात भारी दिसतात ती रेस त्याच्या मनात घर करते. निवड तिथंच फसते असं माझं मत आहे. रेस एका दिवसाची नाहीतर आठवड्याची, पण तिची तयारी आठ-दहा महिने आपल्याच गावात, आपल्याच रस्त्यावर, आपल्याच घरच्यांच्या वेळेत करायची असते, म्हणून डोंगराच्या आधी गाव बघायला पाहिजे. हे कसं बघायचं ते एका माणसाच्या प्रकरणावरनं सविस्तर लिहिते, आकडेमोडीसकट, कारण असे प्रश्न मला लई जण विचारतात आणि दोन ओळीत उत्तर देता येत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सायकल चालवते, आणि गावातल्या काही जणांना ट्रेनिंगचं वेळापत्रक करून देते. ज्यांचं हे प्रकरण आहे त्यांचं नाव लिहीत नाही, मी त्यांना दादा म्हणते तेच इथंही. वय ४३, वजन ७८ किलो, अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना, घरी वहिनी, दहावीतली मुलगी आणि वडील. सायकल साधी हार्डटेल, म्हणजे मागच्या चाकाला सस्पेन्शन नसलेली, २९ इंची चाकं, पुढं दोन दातेरी चक्रं मागं नऊ. याच सायकलला गुळगुळीत टायर लावून त्यांनी २००, ३०० आणि ४०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत संपवायची लांब पल्ल्याची राइड, वेळेत पूर्ण केलेली, म्हणजे ४०० ला २७ तासांची मर्यादा असते त्यात बसून. तर माणूस कच्चा नाही. रात्री सायकल चालवायची सवय आहे, बसायची सवय आहे, पोट बिघडलं तरी शांत राहायची सवय आहे. काय नाही तर डोंगराची सवय नाही, आणि खडकाळ पायवाटेवर सायकल उतरवायची तर अजिबात नाही.

दिवाळी झाली, कारखान्याची गडबड सरली आणि दादा एक वही घेऊन आले. "ताई, आता पुढच्या वर्षी एक मोठं काहीतरी धरायचंय, ही पाच नावं काढलीत, यातलं सांगा." वहीत लिहिलेलं: अमेरिकेतलं लेडव्हिल १००, दक्षिण आफ्रिकेतलं केप एपिक, नेपाळचं याक अटॅक, आपलं एमटीबी हिमालया, आणि भूतानचं टूर ऑफ द ड्रॅगन. प्रत्येकासमोर किलोमीटर, फी आणि विमानाचं तिकीट. मी म्हणलं दादा हे सगळं बरोबर आहे पण यात सोलापूर कुठंय? ते जरा गप्प झाले.

म्हणून आम्ही वहीच्या मागच्या पानावर सोलापूर लिहायला घेतलं. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ४५७ मीटरवर, आणि चौफेर सपाट. चढ म्हणावा असा जवळचा चढ तुळजापूरचा, ४५ किलोमीटरवर, आणि तुळजापूर आहे साडेसहाशे मीटरच्या आसपास, म्हणजे सगळा मिळून उंचीतला फरक जेमतेम दोनशे मीटर. काळी माती. पाऊस पडला की शेतातल्या गाडीवाटेवर चाक फिरायचं बंद होतं, फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि टायरच्या मधली सगळी जागा चिखलानं भरते, सायकल खांद्यावर घेऊन यावं लागतं. कोरड्या दिवसात वाटा मस्त, पण वेड्या बाभळीचे काटे इतके की ट्यूब घालून गेलात तर पंक्चर काढण्यातच सकाळ जाते. एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ ला टेकतो, सकाळी आठच्या पुढं बाहेर राहण्यात अर्थ नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोन्यासारखा, त्यात जानेवारीचा गड्ड्याचा आठवडा सोडायचा, कारण सिद्धेश्वरांची यात्रा, नंदीध्वज, पाहुणे, सोलापूरकर त्या आठवड्यात ट्रेनिंग करत नाही आणि करूही नये. आणि जून-जुलैमध्ये पश्चिमेकडनं येणारा वारा. हा वारा वहीत लिहिताना दादा तोंड वाकडं करत होते, "ताई तो तर नुसता त्रास आहे." पुढं सगळं त्याच्यावरच ठरलं, ते सांगतेच.

दुसऱ्या बाजूला घर. मार्चमध्ये मुलीची दहावी. नवरात्राच्या आसपास दिवाळीचा माल हलायला लागतो तेव्हापासून दिवाळीपर्यंत दादांना गाव सोडता येत नाही. सलग सुट्टी जास्तीत जास्त दहा-बारा दिवस. आठवड्यात रोज एक-सव्वा तास पहाटे, शनिवार-रविवारपैकी एकच दिवस मोठा, आणि वडिलांची तब्येत बघता महिन्यातनं एकदाच मुक्कामी बाहेर.

आता हे पान आणि पुढचं पान समोरासमोर ठेवलं की बरंच काही आपोआप गळतं. याक अटॅक पाच मिनिटांत गेलं. अन्नपूर्णा परिसरातली ती रेस थोरांग ला या खिंडीच्या (तिकडं 'ला' म्हणजे खिंड) नावानं ओळखली जाते, उंची ५४१६ मीटर, तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. एवढ्या उंचीला शरीर सवयीला लागायला दिवस द्यावे लागतात, घाई केली तर जिवाशी खेळ, आणि दादांकडं दिवसच नाहीत.

लेडव्हिलवर दादांचा जीव होता. १९९४ पासून होणारी रेस, कोलोरॅडोत, ऑगस्टमध्ये, शंभर मैलांच्या थोडं वर, बारा तासांच्या आत आलात तर पट्ट्याचं चांदीचं बक्कल मिळतं, नऊ तासांच्या आत आलात तर मोठं बक्कल. रस्ता बराचसा कच्चा पण फार अवघड नाही, लांब चढ, एका दिवसाचं काम, म्हणजे दादांना शोभणारी रेस आहे यात वाद नाही. पण तिची सुरुवातच ३१०० मीटरवर, आणि कोलंबाइन खाणीपाशी वळायचं ते ३८०० च्या आसपास. ३१०० वर हवेचा दाब आपल्या समुद्रकाठच्या सत्तर टक्के राहतो. सोलापूरहून गेलेला माणूस तिथं पहिल्या आठवड्यात स्वतःची नेहमीची ताकद लावूच शकत नाही, दोन-तीन आठवडे आधी जाऊन राहावं लागतं. वर एंट्री मुख्यतः लॉटरीची, व्हिसा वेगळा. म्हणजे नऊ महिने घाम गाळायचा आणि जाणार की नाही हे दुसऱ्याच्या हातात. मी त्यांना सांगितलं, ही रेस मनात ठेवा, पण कारखाना कुणाच्यातरी हाती महिनाभर देता येईल तेव्हाच काढा.

केप एपिक २००४ पासून मार्चमध्ये होतं, प्रोलॉग (सुरुवातीचा छोटा टप्पा) धरून आठ दिवस, दोघांची टीम, आणि दोघांनी सतत एकमेकांच्या दोन मिनिटांच्या आत राहायचं असा नियम. येता मार्च दहावीचा. त्याच्या पुढचा मार्च धरला तरी आपल्याच ताकदीचा, आपल्याच स्वभावाचा, तेवढाच पैसा आणि सुट्टी असलेला पार्टनर पाहिजे, आणि आठ दिवस रोज सिंगलट्रॅक, म्हणजे एकच सायकल जाईल एवढी अरुंद पायवाट. खडकातनं सायकल काढायचं कौशल्य वाचून येत नाही, त्यासाठी तसला रस्ता दाराशी पाहिजे. सोलापुरात तो नाही.

एमटीबी हिमालया काढून टाकताना मात्र दोघांनाही वाईट वाटलं. २००५ पासूनची, शिमल्याहून निघणारी, आपल्या देशातली रेस, रोजचा मुक्काम तंबूत, सफरचंदाच्या बागांमधनं वाटा, आणि भारतात माउंटन बाइकिंग उभं करण्यात तिचा मोठा वाटा आहे. दादांनी तिचं स्वप्न कॉलेज सुटल्यापासनं बघितलेलं. पण ती पावसाळा सरल्यावर, म्हणजे बरोबर माल हलायच्या दिवसात, आणि बरेच दिवसांची स्टेज रेस. एकदा थकलं की दुसऱ्या दिवशी परत तेवढंच, त्याची तयारी करायला सलग मोठे दिवस पाहिजेत, दादांकडं आठवड्याला एकच. शरीराला जे कधी करायला लावलंच नाही ते रेसमध्ये मागायचं हे मला पटत नाही. तंबूतले ते दिवस कष्टात जाण्यापेक्षा अजून चार वर्षांनी, मुलगी मोठी झाल्यावर, आनंदानं जावेत.

राहिलं टूर ऑफ द ड्रॅगन. ही २०१० साली सुरू झाली, सप्टेंबरमध्ये होत आलीय, एकाच दिवसात बुमथांग ते थिम्फू २६८ किलोमीटर. चार खिंडी: किकी ला, योटोंग ला, पेले ला आणि शेवटी दोचुला. एकूण चढ ३७९० मीटर, एकूण उतार ३९५० मीटर. रात्री दोनला सुटते. रस्ता हायवेचाच, पण डोंगरातला हायवे, कुठं डांबर कुठं दगडमाती, आणि सप्टेंबर म्हणजे पावसाची शेपटी. कागदावर बघितलं तर पाचातली ही सगळ्यात भयानक दिसते, एका दिवसात २६८ म्हणजे काय! पण मागच्या पानाशी लावून बघा. एकच दिवस. एकट्यानं. रात्रीची सुरुवात, जी बीआरएमवाल्याला नवी नाही. तांत्रिक पायवाटा नाहीत. सगळ्यात उंच खिंड ३४०० मीटरच्या आसपास पण तिथं थांबायचं नाही, ओलांडून खाली यायचं, आणि बुमथांग स्वतः २६०० वर, तिथं तीन-चार रात्री राहिलं की बरीच सवय होते. महिना सप्टेंबर, म्हणजे माल हलायच्या आधी. भारतीयांना पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र चालतं, रोजची रात्रीमागं १२०० रुपये सरकारी फी, कोलकात्याहून पारोला विमान किंवा हासीमारापर्यंत रेल्वे आणि जयगावहून पलीकडं. दहा-बारा दिवसांत सगळं बसतं.

मी हे वहिनींसमोर मांडत होते. त्या भाकरी थापत ऐकत होत्या, आणि मध्येच म्हणाल्या, "ती शेवटची खिंड म्हणताय ना तुम्ही, तसला चढ आपल्याकडं आहे कुठं? यांना तो कधी करून बघायला मिळणार?" सगळ्या प्रकरणातला खरा प्रश्न हाच होता आणि तो त्यांनी काढला. कारण दोचुला ही त्या रेसचं मर्म आहे. साधारण २१० किलोमीटर झाल्यावर तुम्ही १२०० मीटरवरच्या गरम दरीत उतरता आणि तिथनं ३८ किलोमीटर सलग चढ, ३१०० च्या वर. एकोणीसशे मीटर, तेही दहा-बारा तास झाल्यावर. ज्या रेसचा सगळ्यात वाईट तास आपल्याला आधी करून बघता येत नाही ती रेस मी कुणालाच सुचवत नाही. म्हणून वहिनींना म्हणलं, दोन आठवडे द्या, उत्तर घेऊन येते.

आधी गणित. दादा, सायकल आणि सामान मिळून ९५ किलो धरले. दोचुलाला तासाला ५०० मीटर उंची कमवायची म्हणली, म्हणजे चार तासांच्या आत चढ संपवायचा, तर नुसतं वजन वर न्यायला साधारण १३० वॉट लागतात आणि टायरचं घर्षण धरून १५५-१६०. चढ सरासरी पाच टक्के, वेग ताशी दहा. आता तुळजापूरच्या भरवशावर ३७९० मीटर करायचे तर एकोणीस वेळा सोलापूर-तुळजापूर करावं लागेल, ते सोडूनच द्या. पण तेवढेच १५५ वॉट सपाट रस्त्यावर कधी लागतात? ताशी २५ किलोमीटरचा वारा समोरून असला की माउंटन बाइकवर सरळ बसलेला माणूस तेवढी ताकद लावून ताशी १५ च्या आसपासच जातो. म्हणजे जूनमध्ये मंगळवेढा रोडला तिऱ्हे, कामती करत माचणूरच्या दिशेनं निघालात की पायांना जवळपास दोचुलाच मिळते. पॅडल सोडायची सोय नाही, सोडलं की सायकल थांबते, चढावरही तसंच. ४० किलोमीटर वाऱ्यात म्हणजे अडीच-पावणेतीन तास सलग काम. परतताना वारा पाठीला, तेव्हा खायचं, प्यायचं, पाय मोकळे करायचे. दादांनी ज्याला त्रास म्हणलं होतं तोच आपल्या गावाचा घाट निघाला.

दोन गोष्टी वाऱ्यात मिळत नाहीत हेही स्पष्ट सांगितलं. चढावर पुढचं चाक वर असतं, कंबर आणि मांडीचा मागचा भाग वेगळा भरतो, आणि मनगटावरचा भार बदलतो. आणि उतार. ३९५० मीटरचा उतार सोलापुरात कुठून आणणार? त्याला सह्याद्रीच पाहिजे. आपल्याकडं गाडीनं पाच-सहा तासांवर वाई, तिथनं पसरणी घाट चढून पाचगणी-महाबळेश्वर, आणि पलीकडं आंबेनळी घाट उतरून पोलादपूर. महाबळेश्वर १३५० मीटरच्या आसपास आणि पोलादपूर कोकणात तळाला, म्हणजे पोलादपूरहून परत वर यायचं तर सलग बाराशे मीटरच्या पुढं. दोचुलाच्या दोन तृतीयांश. हे आपल्याला मिळू शकतं, महिन्यातल्या त्या एका मुक्कामात. वहिनींना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग ठीक आहे, पण मे च्या सुट्टीत सगळेच जाऊ." झालं, रेस ठरली.

वेळापत्रक थोडक्यात सांगते, कारण ते प्रत्येकाचं वेगळंच असणार. डिसेंबर-जानेवारी पाया: आठवड्यातनं पाच दिवस हलकं, हार्टरेट १३५ च्या आत, दोन दिवस स्क्वॉट आणि डेडलिफ्ट हे वजनाचे व्यायाम, रविवारी माळरानावरच्या कच्च्या वाटा. फेब्रुवारीत एकदा पसरणी. मार्चमध्ये दहावी संपेपर्यंत मोठी राइड नाही, आणि ती नाही म्हणून अपराधी वाटून घ्यायचं नाही हेही वेळापत्रकात लिहिलं. एप्रिल-मे पहाटे साडेचारला निघून आठला घरात. उन्हाचा एक फायदा असतो तो घ्यायचा, दहा-चौदा दिवस रोज तासभर सोसेल एवढ्या गरमीत चालवलं की रक्तातला द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो, हृदयावरचा ताण कमी होतो. पण चाळिशीच्या पुढच्या माणसानं हे करायच्या आधी डॉक्टरकडनं हृदयाची स्ट्रेस टेस्ट करून घ्यायची, दादांची करून घेतली. जून-जुलै वारा. आणि इथं एक बदल: उन्हाळाभर पहाटे निघणाऱ्या माणसाला जूनमध्ये मुद्दाम दुपारी काढायचं, कारण पहाटे वारा पडलेला असतो, दुपारी तो भरात येतो, आणि ढग असल्यामुळं ऊन सोसतं. काळ्या मातीच्या वाटा या महिन्यात बंद, फक्त डांबर. ऑगस्टच्या शेवटी शेवटची तालीम, मग विश्रांती. गणपती त्याच सुमारास येतात, दादा मंडळाचे जुने कार्यकर्ते, लेझीम खेळायला उभे राहिले तर गुडघे जातील म्हणून या वर्षी त्यांनी हिशोबाचं काम मागून घेतलं.

गुडघ्यावर जरा थांबते. दादांना मोठ्या गिअरवर जोर लावून हळू पॅडल मारायची सवय, मिनिटाला साठच्याही खाली. सपाटीला चालून जातं, पण चार तासांच्या चढाला असं केलं की वाटीच्या मागं दुखायला लागणार हे नक्की. वाऱ्यात त्यांना गिअर दोन घरं हलका करून ७५ च्या आसपास फिरवायला लावलं. पहिल्या आठवड्यात म्हणायचे धाप लागतेय, पाय मोकळेच राहतायत. म्हणलं तेच पाहिजे, धाप पाच मिनिटांत जाते, गुडघ्याचं दुखणं सहा महिने जात नाही.

सामानाच्या बाबतीत ओळखीतल्या प्रत्येकानं दादांना सांगितलेलं की पुढं एकच चक्र आणि मागं बारा असा सेट घ्या, त्याशिवाय डोंगर जमत नाही. गणित करून बघितलं. नव्या सेटचा सगळ्यात हलका गिअर पुढं ३२ मागं ५१ दात्यांचा, म्हणजे ०.६३. दादांच्या जुन्या सायकलला पुढं लहान चक्र २२ चं आणि मागं मोठं ३६ चं, म्हणजे ०.६१. जुनाच हलका! नवा सेट चांगला असतो, साखळी कमी वेळा निसटते, हाताला सोपा जातो, सगळं खरं, पण या रेससाठी त्याच्यावर पैसे घालायची गरज नव्हती. ते पैसे तीन ठिकाणी लावले. ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारा द्रव, बाभळीच्या काट्यांवर यापेक्षा चांगला उपाय मी बघितलेला नाही, फक्त आपल्या उन्हात सीलंट लवकर सुकतं, दोन-तीन महिन्यांनी बघून भरायचं. दुसरं, पावसाचं चांगलं जॅकेट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे, कारण रात्री दोनला बुमथांगहून निघून अंधारात योटोंग ला ओलांडायची, भिजलेल्या अंगानं उतरायचं, आणि सोलापूरच्या माणसाला थंडी म्हणजे काय हेच माहीत नसतं. बोटं आखडली की ब्रेक दाबता येत नाही. तिसरं ब्रेक, ते कसं ठरलं ते पुढं.

मे अखेरीला, पावसाच्या आधी, मोठी तालीम केली. महाबळेश्वरला मे मध्ये रविवारी गाड्यांची रांग असते म्हणून मंगळवार धरला. रात्री दोनला वाईतनं सुरुवात, मुद्दाम दोनलाच. पसरणी, पाचगणी, महाबळेश्वर, आंबेनळी उतरून पहाटे पोलादपूर, परत वर, परत खाली, आणि तिसऱ्यांदा परत वर महाबळेश्वरला शेवट. साधारण १९० किलोमीटर आणि तीन हजारांच्या पुढं चढ. वहिनींचे भाऊ गाडी घेऊन मागं, वहिनी आणि मुलगी महाबळेश्वरला. आधीच ठरवलेलं की पोलादपूरहून पहिल्या चढाला जेवढा वेळ लागेल त्यापेक्षा दुसऱ्याला वीस टक्क्यांपर्यंत जास्त चालेल, त्याच्या पुढं गेलं तर कारण शोधायचं.

पहिला चढ दोन तास चाळीस मिनिटं. दुसरा तीन तास पंचवीस. म्हणजे अठ्ठावीस टक्के जास्त. तासाला ४५० मीटरवरनं ३५० वर आले, आणि ३५० नी दोचुला म्हणजे साडेपाच तास. दादा वर पोचले तेव्हा खूष होते, एवढं आयुष्यात कधी चढलो नाही म्हणत होते, मुलगी तर टाळ्या वाजवत होती, आणि त्यांनी खूष व्हायलाच पाहिजे होतं. मी वही दुसऱ्या दिवशी उघडली.

वजन केलेलं होतं, निघताना ७८.२, शेवटी ७५.१. चार टक्के गेले, दोनच्या आसपास राहिले असते तर ठीक. खाण्याची नोंद बघितली तर पहिले सहा तास ताशी पन्नास ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट, जे चांगलं आहे, आणि त्यानंतर वीसवर. का? एनर्जी जेल (पाकिटातला घट्ट गोड पाक) गोड लागून नको झालेले, आणि पोलादपूरला उकाड्यात घास गिळवेना. तर ताकद कमी पडली यापेक्षा इंधन कमी पडलं हे कारण मला जास्त पटतं. लांब दिवसाला ताशी साठ ग्रॅम तरी पाहिजेत, सवय केली तर त्याच्याही वर. आता जेल फक्त शेवटच्या तीन तासांसाठी राखून ठेवलेत, आधी इडली, मिठाचा उकडलेला बटाटा, केळी, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. दोन इडल्या नाहीतर एक मोठं केळ म्हणजे पंचवीस-तीस ग्रॅम, हे त्यांना डोक्यात ठेवायला सोपं जातं. शेंगाचटणी-भाकरी नेऊ का विचारत होते, सोलापूरकराचा जीव तिच्यात असतो हे मला समजतं, पण शेंगदाण्यात तेल जास्त, चढावर पोटात बसून राहतं, तिचा मान रेस झाल्यावर. आणि नुसतं पाणी ढोसायचं नाही, त्यात मीठ पाहिजेच, घामातनं गेलेलं मीठ भरलं नाही आणि वरनं पाणीच पाणी प्यायलं तर ते धोक्याचं होतं.

ब्रेकची गोष्ट आंबेनळीतच कळली. दुसऱ्या उताराला जळल्याचा वास आणि पुढचा ब्रेक दाबला तरी सायकल पुढं सरकत राहिली, पॅड तापून चकचकीत झालेले. त्यात दादांची पद्धत सतत थोडा थोडा ब्रेक धरून ठेवायची. सपाट गावातल्या माणसाला हे कळायला जागाच नसते. तिथंच त्यांना शिकवलं, वळणाआधी दोन्ही ब्रेक ठामपणे दाबायचे, मग पूर्ण सोडायचे, डिस्कला थंड व्हायला वेळ द्यायचा. सोलापूरला आल्यावर रेझिनचे पॅड काढून मेटलचे घातले, ते पावसातही जास्त टिकतात, आणि पुढची डिस्क १६० मिलीमीटरची १८० केली, फोर्कला ती चालते का हे बघूनच.

आता जून चालू आहे. दादा कारखान्यातनं दुपारी तीनला निघतात, मंगळवेढा रोडला लागतात, माचणूरला भीमेच्या पुलापाशी पोचले की वहिनींना फोन. वेग ताशी १४-१५, कधी तेराच, आणि आता त्याबद्दल तक्रार नाही. पहिल्या तासाला आणि शेवटच्या तासाला हार्टरेटमध्ये किती फरक पडतो ते आम्ही दर आठवड्याला लिहितो. खाण्याचा बदल वाऱ्यातच पक्का होतोय, ताशी साठ ग्रॅम पोटात राहतायत.

ऑगस्टच्या शेवटच्या तालमीला आंबेनळीचा भरवसा धरलेला नाही. महाबळेश्वरचा पाऊस, दरडी, धुकं, तो घाट बंद असू शकतो, आणि उघडा असला तरी त्या दिवसात थकलेल्या माणसाला तिथं उतरवणार नाही. त्याऐवजी पसरणी, रात्री दोनला, पावसात, परत परत, सहा वेळा. त्यातले शेवटचे दोन चढ मोजायचे. तासाला ४०० मीटरच्या वर राहिले तर भूतानला पहिल्या दोन खिंडींवर हार्टरेटची मर्यादा १४०. खाली गेले तर १३२, आणि अंधारात कितीही जण पुढं निघून गेले तरी पेले ला उतरेपर्यंत त्याच्या वर जायचं नाही. दादांना हे कबूल आहे, वहिनींनी दोन्ही आकडे त्यांच्याकडनं लिहून घेतलेत.